रुवैसची गाडी, बर्फासाठी

एसीच्या कॉइलवर बर्फ धरला, की समजायचं गॅस कमी आहे, नाहीतर फिल्टर तुंबलाय. बर्फ म्हणजे बिघाड.

*

उघडं दार. चौकटीत भिंतीसारखा उभा बर्फ, कडीच्या उंचीपर्यंत, आणि त्यावर दाराच्या नक्षीचा उलटा ठसा. कॅनडाहून आलेल्या या फोटोखाली एक शब्दही नाही.

*

‘सिंगल ओनर. नो ॲक्सिडेंट. एसी चिल्ड. ओनर लीव्हिंग कंट्री.’

*

दोन जाड कोट. डांबराच्या गोळ्यांचा वास. लेबलं अजून बाहीला लटकलेली. पत्ता: कपाट, एकविसावा मजला, अल रीम आयलंड, अबुधाबी.

*

कॅनडात बाहेरून गाडी न्यायची तर ती पंधरा वर्षांहून जुनी असलेली बरी, नियम कमी लागतात. मात्र तिच्यावर परक्या देशाची माती चालत नाही. चिमूटभरसुद्धा नाही.

*

“बाबा, मला एक गाडी बघून द्याल?”

*

हे शेवटचं वाक्य मे महिन्यातल्या एका शनिवारी फोनवर आलं, आणि वरचे सगळे तुकडे त्याच्याभोवती गोळा झाले.

वाक्य सुयशचं. तो नऊ वर्षं कॅनडातल्या सडबरी नावाच्या खाणींच्या गावात राहत होता. बायको इशिता, सहा वर्षांची मुलगी आभा, आणि वर्षातले पाच महिने बर्फ. फोन ज्याने घेतला तो चंद्रशेखर, सुयशचा बाप, वय बासष्ट. अबुधाबीजवळच्या मुसफ्फात त्याचं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि एकतीस वर्षं तो इतरांना गार करण्यावर पोट भरत होता. बाप-लेकाचं बोलणं दर शनिवारी व्हायचं, आणि ते इतकंच असायचं:

“जेवलात का?”

“हो. तू?”

“आता नाश्ता करेन. काम कसं आहे?”

“चाललंय. आईला देतो.”

म्हणून ‘बघून द्याल?’ हे ऐकल्यावर चंद्रशेखरने फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिल्या कानावर त्याचा विश्वास बसेना.

सुयशच्या कंपनीने कामाचे तास निम्मे केले होते. गावात बर्फ काढणाऱ्यांची मात्र चणचण होती. पिकअपला पुढे लोखंडी फाळ लावायचा, पहाटे निघायचं आणि लोकांच्या दारातला बर्फ ढकलून वाट मोकळी करून द्यायची. बावीस घरं तयार होती, एक डिसेंबरपासून. फाळ तिथे मिळत होता. अडलं होतं गाडीवर.

“इथल्या जुन्या गाड्या खालून संपलेल्या असतात बाबा. रस्त्यावर मीठ टाकतात ना, चेसिस बिस्किटासारखी हातात येते. तुमच्याकडच्या गाड्यांना गंज माहीत नाही. शिपिंग धरूनही परवडतं, मी हिशोब केलाय. फक्त गाडी ओळखणारं माणूस पाहिजे.”

गाडी ओळखणारं माणूस! चंद्रशेखर त्या दिवशी संध्याकाळभर घरात उगाचच स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरला.

आनंद रात्रीपर्यंतही टिकला नाही. डिसेंबरअखेर वर्कशॉपचं लायसन्स संपत होतं. ते पुढे चालवायचं, की फोरमन सुजीतच्या नावावर करून पुण्याला परतायचं, हा निर्णय त्याने दोन वर्षं लोंबकळत ठेवला होता. त्यामागचं कारण तो कुणाला सांगत नव्हता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. एखादा हिवाळा असा येईल की सुयश म्हणेल, बास झालं, येतो मी परत. त्याच्यासाठी मांडलेलं टेबल अजून वर्कशॉपच्या काचेच्या केबिनमध्ये होतं. त्यावर कुणी डबासुद्धा ठेवत नसे.

आणि आता तो बर्फ काढायची गाडी मागत होता. बर्फ काढायची गाडी घेणारा माणूस बर्फातच राहायचं ठरवून बसलेला असतो. हे कळायला चंद्रशेखरला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

*

पाच गाड्या पाहिल्या.

पहिलीचा बंपर बदललेला होता. दुसरीचा मालक जरा जास्तच गोड बोलत होता. तिसरीत अत्तराचा वास इतका की काहीतरी लपवलंय हे नक्की. चौथी ठीक होती. चौथीत काय खोट काढली, ते त्याला नंतर स्वतःलाच आठवेना. पाचवी त्याने फोनवरच नाकारली.

“मुलगी बघताय की गाडी?” सुलभा म्हणाली. सुलभा म्हणजे त्याची बायको. जेवणाच्या टेबलावर मटार सोलता सोलता ती मोठमोठ्या गोष्टी निकालात काढायची.

“जुना माल आहे. बघूनच घ्यायला नको?”

“पोराला गाडी पाठवायचीय तुम्हाला, की नकार? हप्त्याहप्त्याने?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे जुलै लागला. जहाजाला अडीच महिने लागतात. तुम्ही अशीच खोट काढत बसलात तर डिसेंबर उलटेल, त्याची बावीस घरं जातील, आणि मग तो कंटाळून येईल. असंच ना?”

चंद्रशेखरने एक मटार उचलून तोंडात टाकला.

“मी असं काही म्हटलं का?”

“म्हणायला कशाला पाहिजे,” सुलभा म्हणाली. “तो येईलही हो. पण हरून आलेलं पोर घरात वावरताना बघवणारे का तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुजीतला फोन लावला. “यल्ला, रुवैसला जाऊन येऊ.”

*

रुवैस म्हणजे अबुधाबीपासून अडीच तास सरळ पश्चिमेला. डावीकडे वाळू, उजवीकडे कधी समुद्र, कधी समुद्राचा भास, आणि शेवटी रिफायनरीच्या चिमण्या. तिथे फिरदोस नावाचे एक पारशी गृहस्थ सत्तावीस वर्षांची सेफ्टीची नोकरी संपवून नवसारीला निघाले होते. गाडी त्यांचीच. पांढरी जपानी पिकअप, दोन हजार नऊचं मॉडेल, चारही चाकांना ताकद. घराच्या सावलीत, चादर पांघरून उभी.

“बोट ओढायला घेतली होती,” फिरदोस म्हणाले. “बोट गेली, बायको गेली, आता हिची पाळी.” मग आपल्याच बोलण्याला हसल्यासारखं करून त्यांनी चादर ओढली.

चंद्रशेखरने शर्ट काढून बनियनवर येत गाडीखाली पाठ टेकली. टॉर्च मारला. नखाने खरवडलं. छोट्या हातोडीने ठोकलं, कान लावला. लोखंड घंटेसारखं वाजलं. एक ठिपका गंज नाही. त्याने इंजिन ऐकलं, तेल दोन बोटांत चोळलं, गिअर टाकले. चारही चाकं वाळूत रुतवून गाडी स्वतः बाहेर काढली. खोट सापडेना. खोट सापडावी असं वाटणं आणि सापडू नये असं वाटणं, दोन्ही त्याच्या छातीत एकाच वेळी चाललं होतं.

“एसी बघा ना,” फिरदोस म्हणाले. “तुमचाच धंदा.”

डॅशबोर्डवर पंख्याचा गोल नॉब, त्याच्याशेजारी एक बटण, बटणावर सहा पाकळ्यांचं बर्फाचं चिन्ह. चंद्रशेखरने ते दाबलं आणि खिशातला थर्मामीटर झरोक्यात खोचला. बाहेर सेहेचाळीस. तीन मिनिटांत काटा पाचावर आला.

“सर, फ्रिज है ये,” मागून सुजीत म्हणाला.

चंद्रशेखर डोळे मिटून त्या गारव्यात बसला. हे त्याचं क्षेत्र होतं. जगात कुठलीही गाडी असो, तिचा एसी असा असला की बाकी सगळं जमतं, ही त्याची श्रद्धा. तरी जाण्याआधी गॅस नवा भरू, फिल्टर बदलू, त्याने मनात नोंद केली. पोराला द्यायची वस्तू आहे.

“अठ्ठावीस हजार दिरहम,” फिरदोस म्हणाले. “भाव करू नका हबीबी, मला वाईट वाटेल.”

“अठ्ठावीस म्हणजे साडेसहा लाख रुपये झाले,” चंद्रशेखर सवयीने मोठ्यांदा म्हणाला, आणि भाव केला नाही.

परतताना मागे सुजीत वर्कशॉपची गाडी चालवत होता आणि पुढे चंद्रशेखर त्या पिकअपमध्ये एकटा. अडीच तास. शेजारची सीट रिकामी. सुयश पाच वर्षांचा असताना असल्याच एका पिकअपमध्ये शेजारी उभा राहून यायचा, डॅशबोर्डला दोन्ही हात लावून, आणि सिग्नल हिरवा झाला की ओरडायचा, ‘यल्ला बाबा!’ तेव्हा हे चालायचं. आता पकडतात.

*

माती.

सीट काढल्या, गालिचे काढले, दारांची अस्तरं काढली. काँप्रेसरच्या हवेने फुंकलं, ब्रशने झाडलं, पाण्याने धुतलं, पुन्हा फुंकलं. दोन दिवस. निघालेल्या वस्तू: खजुराच्या नऊ बिया, मासेमारीचा गळ, मोत्याचं एक कानातलं, आणि वाळू. आणखी वाळू. कागद घासून पुसावा तशी जागा स्वच्छ करायची, आणि तासाभराने पुन्हा बोटाला कण लागायचे. ही गाडी सोळा वर्षं वाळूत राहिली होती आणि वाळू तिच्यात.

इंजिनातलं पाणी काढून न गोठणारं कूलंट भरलं. सुयशने मेसेजमध्ये तसं आठवणीने लिहिलं होतं. बॅटरी मोठी घातली. टायर तो तिथे घेणार होता. सुजीतने यादीवर एकेक खूण केली. पंचवीस खुणा झाल्या. यादी चंद्रशेखरची होती, एकतीस वर्षांची, काही सुटणं शक्य नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाडी खोर फक्कान बंदरात कंटेनरमध्ये चढायची होती. एजंट म्हणाला ड्रायव्हर पाठवतो. चंद्रशेखर म्हणाला मीच आणतो. सुलभाही निघाली. तिच्या मांडीवर मोठी पिशवी होती.

“काय आहे त्यात?”

“कोट.”

पाच वर्षांपूर्वी सडबरीला जायचं म्हणून घेतलेले. मग एकदा वर्कशॉपमध्ये मोठं कंत्राट आलं, एकदा सुलभाचा गुडघा, एकदा व्हिसाच्या तारखा. कोट कपाटातच राहिले.

“त्यांना तिकडे उपयोग होईल,” ती म्हणाली. “नाहीतर असू देत तिथे. आपण गेलो की सापडतील.”

डोंगरांच्या पोटातले बोगदे ओलांडून ते खाली उतरले. समोर समुद्र, बंदराच्या उंच क्रेनी. बाहेर त्रेचाळीस डिग्री, गाडीत दोघं शाल पांघरावी इतके गार. एजंटने गाडी तपासली, आणि पिशवी काढून सुलभाच्या हातात दिली. “मॅडम, गाडी में सामान नहीं चलेगा.”

पांढरी पिकअप कंटेनरच्या अंधारात गेली, दार लागलं, सील ठोकलं. कोट टॅक्सीत बसून अल रीमला परत आले.

*

एक नोव्हेंबर, शनिवार. अबुधाबीत संध्याकाळचे पाच, सडबरीत सकाळचे नऊ. गाडी आदल्या दिवशी पोहोचली होती. सुयशने फोन डॅशबोर्डवर टेकवला होता. पडद्यावर तो, लोकरीच्या टोपीत, आणि शेजारी आभा, जिचं फक्त नाक दिसत होतं.

“बाबा, गाडी जबरदस्त आहे. इथला मेकॅनिक खाली झोपून हसायला लागला. म्हणाला, ही कुठल्या म्युझियममधून आणली?”

“चेसिस बघितली ना? मी स्वतः—”

“बघितली. घंटा आहे घंटा.” सुयश हसला. कितीतरी दिवसांनी. “बरं, आता हीटर कसा लावू? काचेवर सगळं दव गोठलंय.”

“लाव ना. पंखा फिरव.”

सुयशने नॉब टोकापर्यंत फिरवला. झरोक्यांतून भस्सकन गार हवा आली, आणि हवेबरोबर वाळू. बारीक, पिवळसर, रुवैसची. ती सुयशच्या काळ्या जॅकेटवर आणि आभाच्या नाकावर बसली.

“आजोबा! इट्स स्नोइंग सँड!”

“पुसते का ती? डोळ्यांत गेली का बघ,” मागून सुलभा ओरडली.

“बाबा, हवा गार आहे.”

“इंजिन तापू दे की.”

“तापलंय. वीस मिनिटं चालू आहे. हीटरचं बटण कुठलं? इथे एकच बटण आहे, आणि त्यावर बर्फाचं चित्र आहे.”

चंद्रशेखर पडद्याकडे बघत राहिला. नॉब. बटण. सहा पाकळ्या. पंचवीस खुणा. त्याला गाडीखालचा एकेक नट आठवला, झरोक्यात खोचलेला थर्मामीटर आठवला, पाचावर आलेला काटा आठवला. आणि आठवेना ते एकच, एकतीस वर्षांत आपण गाडीत गरम हवा कधी मागितली होती?

“सुयश,” तो म्हणाला. त्याने कपाळाला हात लावला. “इकडच्या साध्या पिकअपला हीटर येतच नाही.”

पलीकडे आभाने तोंड पडद्याजवळ आणलं. ती म्हणाली, “बाबा, व्हाय इज आजोबा सॅड?”

“मी गॅस भरून दिला,” चंद्रशेखर म्हणाला. “नवा गॅस. एसीचा. बर्फात जाणाऱ्या गाडीला.”

सुयशच्या तोंडातून आधी वाफ आली आणि मग हसू. टोपी डोळ्यांवर येईपर्यंत तो हसला. “जगात एवढा गार एसी असलेली बर्फाची गाडी एकच असेल बाबा.”

“हसतोस काय? काच नाही निवळली तर चालवणार कशी? एक डिसेंबरला बावीस घरं!” चंद्रशेखर उठून उभा राहिला होता, जणू उभं राहिल्याने सडबरी जवळ येणार होती. “तिकडे तयार मिळत नाही का? किट वगैरे? दुकानात बघ आज.”

“बघतो.”

तासाभराने तिकडून मेसेज आला. ‘नाही मिळत. तुम्ही सांगाल तसं बनवू?’

*

हीटर म्हणजे काय तर एक छोटा रेडिएटर. इंजिनातलं उकळतं पाणी त्यातून फिरवायचं आणि पंख्याने त्यावरची हवा आत ढकलायची. एसी उलटा केला की झालं. चंद्रशेखरने हे वर्कशॉपच्या पाटीवर काढलं, फोटो पाठवला, खोडलं, पुन्हा काढलं. रविवारी त्याने सुजीतकरवी तसलीच एक पिकअप वर्कशॉपमध्ये आणवली, म्हणजे इकडे हात लावून तिकडे सांगता येईल.

दुसऱ्या शनिवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती. चंद्रशेखर पाचलाच फोनसमोर बसला, आणि तासभर तसाच बसून राहिला.

“इंजिनाच्या मागे बघ. डॅशबोर्डच्या भिंतीकडे. एक नळी निघून परत इंजिनातच शिरतेय?”

“कुठली? इथे शंभर नळ्या आहेत.”

“अरे, जी कुठेच जात नाही ती.”

“हां. सापडली. यू सारखी.”

“तीच. ती कापायची. आपला रस्ता तिथून.”

“कापू? नक्की? बाबा, हात थरथरतोय.”

“थंडीने का भीतीने?”

“दोन्हीने.”

“मग ठीक आहे. माझाही थरथरतोय, आणि इथे एकतीस डिग्री आहे.”

भंगारातल्या एका गाडीचा हीटर सुयशने मिळवला. क्लॅम्प कसा आवळायचा, नळीत हवा राहिली तर पाणी का फिरत नाही, पान्यावर जोर मनगटाने नाही खांद्याने द्यायचा, हे सगळं चंद्रशेखरने त्याला सतराव्या वर्षी शिकवायला घेतलं होतं. तेव्हा सुयश म्हणाला होता, मला हे काम नको, हाताला वास येतो. आता तो पडद्यावर हात नाकाशी नेऊन म्हणाला, “बाबा, कूलंटचा वास तुमच्या शर्टासारखा आहे.”

मधल्या दिवशीही फोन येऊ लागले. “हा बोल्ट कुठला?” “झाकण बसत नाहीये.” सुलभाला आता फोन मिळेनासा झाला. “मलाही एखादा पाना घेऊन द्या,” ती म्हणाली, “म्हणजे माझ्याशी बोलेल कुणीतरी.”

तिसऱ्या शनिवारी, सुयश डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा असताना, चंद्रशेखर त्याच्या बुटांना उद्देशून म्हणाला,

“लायसन्स सुजीतच्या नावावर करतोय. डिसेंबरात.”

बूट हलायचे थांबले.

“माझ्यामुळे?”

“तुझ्यामुळे कशाला. गुडघे माझे आहेत.”

डॅशबोर्डखाली हत्यारांची खुडबुड झाली.

“बाबा,” डॅशबोर्डखालून आवाज आला, “दहाचा पाना लावू की बाराचा?”

“दहाचा.”

“माझं टेबल तिथे आहे अजून?”

“आहे.”

“त्यावर डबा ठेवत जा तुम्ही आता.”

चौथ्या शनिवारी, बावीस नोव्हेंबरला, पडद्यात सुयशचा तळवा झरोक्यासमोर होता. बोटं लाल. इंजिन चालू. दोन मिनिटं, तीन, चार. काचेवरचा गोठलेला थर तळाशी मऊ झाला, एक थेंब सुटला, मग रेघ, मग हाताएवढी जागा, आणि त्या जागेतून बाहेरचं एक पांढरं झाड दिसायला लागलं.

“आली,” सुयश म्हणाला. “बाबा, आली. गरम आहे.”

चंद्रशेखरने नकळत आपला तळवा फोनसमोर धरला.

*

बर्फ वेळेवर पडला. बावीस घरं चोवीस झाली. सुयशने फोटो पाठवला: पांढरी पिकअप, पुढे पिवळा फाळ, बाजूला ढकललेल्या बर्फाचा ढीग. काच स्वच्छ.

शनिवारी सहाला चंद्रशेखर चहा घेऊन फोनसमोर बसतो.

“जेवलात का?”

“हो. तू?”

“आत्ताच परत आलो. आज सगळ्यांच्या दारात गुडघाभर होता. दमलोय हो.”

“झोप मग. हीटर?”

“एकदम मस्त. काही प्रॉब्लेम नाही.”

“काहीच नाही? नळीला कुठे पाझर? क्लॅम्प ढिला?”

“नाही बाबा. पक्कं झालंय.”

“बरं,” चंद्रशेखर म्हणतो. “आईला देतो.”

कोट सुलभाने कपाटातून काढून दाराजवळच्या खुंटीवर टांगले आहेत. लेबलं तिने कापली.

सडबरीत, सुयशच्या घरापासून दोन चौकांवर असलेल्या गाड्यांच्या दुकानात, एक नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता तयार हीटर किट फळीवर होता, आणि सुयशने तो हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवला होता.